एकच गोष्ट, चार पायऱ्या : स्पॅनिश वाचनाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

प्रकल्प ठरला. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी वाचकासाठी एकच गोष्ट चार पायऱ्यांवर मांडायची : ए-वन, ए-टू, बी-वन आणि शेवटी मूळ जुना मजकूर. गोष्ट तीच, माणसं तीच, भाषा मात्र दर पायरीला एक इयत्ता वरची. समासातले अर्थ मराठीत.

पातळीनुसार लिहिलेली गोष्टींची पुस्तकं स्पॅनिशमध्ये भरपूर मिळतात आणि त्यांतली बरीच मन लावून केलेली असतात. युरोप परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, नवशिक्याच्या ए-वनपासून वर सी-टूपर्यंत. आता अशा पुस्तकांवर पातळीचा शिक्का असतोच. तरी एक गोष्ट वारंवार दिसते. ए-वनचं पुस्तक भराभर संपवणारा वाचक ए-टूच्या पहिल्याच पानावर अडतो. शब्द नवे, काळ नवे आणि गोष्टही कोरी करकरीत. कोण कुणाचा कोण हे कळेपर्यंतच दम निघून जातो. यातलं गोष्टीचं ओझं आधीच उतरवलं तर? मग उरेल ते फक्त भाषेचं काम. हे करून बघायचं आहे.

वाचणारे दोघं. एक माझी भाची, कॉलेजात आहे, ए-टूपर्यंत शिकली आहे. दुसरे आमच्या सोसायटीतले काका, बँकेतून निवृत्त. त्यांची मुलगी-जावई स्पेनमध्ये बायादोलिदला असतात, नातू तिथल्या शाळेत जातो. काकांना नातवाला स्पॅनिशमधून गोष्ट वाचून दाखवायची आहे. परीक्षा द्यायची नाही, नोकरी मिळवायची नाही. इतका स्पष्ट हेतू घेऊन आलेला विद्यार्थी क्वचित भेटतो. दर रविवारी सकाळी माझ्याकडे बसायचं ठरलं. पोटापाण्यासाठी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते, त्यामुळे लिहायचं काम रात्रीचं.

११ जून

गोष्ट सापडली, आणि ती आपल्याच घरची निघाली.

पंचतंत्रातला कंजूष ब्राह्मण सगळ्यांना माहीत आहे. सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगून त्याखाली आडवा पडलेला. दुष्काळ पडला की पीठ विकीन, शेळ्या घेईन, शेळ्यांच्या गायी, गायींच्या म्हशी, मग घोड्या, सोनं, वाडा, लग्न, सोमशर्मा नावाचा मुलगा. आणि बायकोने मुलाकडे लक्ष दिलं नाही म्हणून हाणलेली लाथ थेट मडक्यावर. ही गोष्ट सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत नेली. आणि १२५१ साली स्पेनमधल्या कास्तील राज्याचा राजपुत्र आल्फोन्सो याच्या सांगण्यावरून अरबीवरून तिथल्या लोकभाषेत ‘कालिला ए दिम्ना’ तयार झालं. कालिला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक. ब्राह्मणाच्या जागी तिथे एक धर्मनिष्ठ माणूस आहे आणि मडक्यात मध आणि लोणी.

आल्फोन्सो पुढच्याच वर्षी राजा झाला. त्याचा पुतण्या दोन हुआन मानुएल (‘दोन’ हे आपल्या ‘श्रीयुत’सारखं) याने १३३५ साली ‘एल कोंदे लुकानोर’ पुरं केलं. कोंदे म्हणजे सरदार अडचण सांगतो, पात्रोनिओ नावाचा सल्लागार गोष्ट सांगून वाट दाखवतो. बांधणी पंचतंत्राच्याच वळणाची. त्यातली सातवी गोष्ट दोन्या त्रुआना नावाच्या बाईची. डोक्यावर मधाचं मडकं घेऊन ती बाजाराला निघाली आहे. पुढे १७८१ साली सामानिएगो या कवीने पद्यात दूधवाली आणली. आजही स्पेनमध्ये कुणी हवेत मनोरे बांधायला लागलं की लोक ‘दूधवालीची गोष्ट’ असं म्हणतात.

मी दोन्या त्रुआना निवडली. मुक्कामाला पोचल्यावर वाचकाच्या हातात सातशे वर्षांपूर्वीचा अस्सल मजकूर असेल, आणि तो त्याला परका वाटणार नाही. शिवाय ही गोष्ट पहिल्यापासून शिकणाऱ्यांसाठीच चालत आली आहे. विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मुलांसाठी सांगितली, सामानिएगोने बेर्गाराच्या विद्यालयातल्या मुलांसाठी लिहिली. दोन हुआन मानुएल तर प्रस्तावनेत म्हणतो की वैद्य यकृताचं औषध गोड पदार्थात मिसळून देतो, कारण यकृताला गोड आवडतं. तसं मी शहाणपण गोष्टीत मिसळलं आहे.

१५ जून

पान तपासायची रीत आज दोघांना सांगितली, कारण पुस्तकावरचा शिक्का सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासक बात्या लाउफर यांनी १९८९ मध्ये मांडलं की मजकूर बऱ्यापैकी समजायला त्यातले ९५ टक्के शब्द ओळखीचे हवेत. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी गोष्टीवर केलेल्या अभ्यासात कुणाच्या मदतीशिवाय, आरामात वाचायला ९८ टक्के लागतात असं निघालं. कागदावर हा तीन टक्क्यांचा फरक किरकोळ दिसतो. पण अडीचशे शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे पाच अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे बारा-तेरा. नव्वद टक्क्यांना ते पंचवीस होतात, म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीत एक, आणि तिथे वाचन संपून शब्दकोश चालू होतो.

म्हणून रीत अशी : पुस्तकाच्या मधलं कुठलंही पान उघडायचं, पेन्सिलीने अनोळखी शब्दांखाली रेघ ओढायची. एका हाताच्या बोटांवर मावले तर घरी न्यायचं. बारा-तेरापर्यंत गेले तर शिक्षकाबरोबर वाचायचं. त्याहून जास्त असले तर सहा महिन्यांनी परत यायचं. काकांनी वही काढून हे लिहून घेतलं.

१९ जून

ए-वनचा खर्डा. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो सगळा वाक्यं काढून टाकण्यात गेला.

ए-वनला भूतकाळ धरायचा नाही. मग गोष्ट वर्तमानकाळातच चालली पाहिजे : ‘उना मुखेर बा आल मेर्कादो. येबा उना ओया दे मिएल एन ला काबेथा.’ एक बाई बाजारात जाते आहे, डोक्यावर मधाचं मडकं आहे. पुढे तिची स्वप्नं. मूळ मजकुरात ती ‘ती विकेल, ती घेईल’ असं भूतकाळातून पुढे बघणाऱ्या क्रियारूपांत आहेत, ती इथे पेलणार नाहीत. त्याऐवजी ‘बोय आ’ घेतलं, पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘बोय आ बेन्देर ला मिएल’, मध विकणार आहे. ‘बोय आ कोम्प्रार ऊएबोस’, अंडी घेणार आहे. अंड्यांतून कोंबड्या जन्मतील हे वाक्य काढलं, तिथे ‘बोय आ तेनेर गायिनास’, माझ्याकडे कोंबड्या असणार आहेत. मग कोंबड्या विकून मेंढ्या, ‘ओबेखास’.

लिहिताना कळलं की ही गोष्ट पहिल्या पायरीला इतकी चपखल का बसते. तिच्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी त्यातली एकच वस्तू बदलते. ‘बोय आ’ एवढ्या वेळा येतं की पाठ करावं लागत नाही, आणि तरी कंटाळा येत नाही, कारण बाईची हाव वाढत असते. नुसत्या सोप्या शब्दांनी गोष्ट ए-वनची होत नाही. पुनरावृत्तीला गोष्टीतच कारण लागतं. ‘मारिआ सकाळी उठते, मारिआ कॉफी पिते’ छापाचे धडे सोपे असतात, पण मारिआने कॉफी प्यायली काय नि नाही काय, वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही.

याच न्यायाने चिऊ-काऊची गोष्ट घ्यायला हवी. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ आणि ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’. स्पॅनिशमध्ये : ‘एस्पेरा, एस्तोय बान्यांदो आ मि बेबे.’ दर वेळी बाळाचं एक काम बदलतं, चालू वर्तमानकाळाचं एक रूप आपोआप पक्कं होतं. पुढच्या शिडीसाठी राखून ठेवते.

२२ जून

ए-वनचं वाचन. नियम दोनच : पहिल्या वाचनात शब्दकोश बंद, आणि मोठ्याने वाचायचं.

काकांनी तिसऱ्या वाक्यालाच मान वर केली. “ताई, ही तर आपल्या शेखचिल्लीची गोष्ट.” त्यानंतर त्यांचा आवाजच बदलला. बाई मेंढ्यांपर्यंत पोचली तेव्हा ते पुढचं वाक्य कागदावर बघण्याआधीच बांधू लागले होते. ‘ओबेखास’ हा शब्द त्यांनी यापूर्वी पाहिलेला नव्हता. अंडी, कोंबड्या, त्यानंतर काय येणार, तर एखादं चार पायांचं जनावर; त्यांनी शेळी धरली आणि शेजारचं छोटं चित्र बघून मेंढी केली. शब्द असा अंदाजाने, गोष्टीच्या धाग्याला धरून आला की तो टिकतो. यादीतून घोकलेल्या शब्दाला हा धागा नसतो.

अडखळायची जागा वेगळीच निघाली. स्पॅनिश गोष्टीत संवाद अवतरणचिन्हांत नसतो. लांब रेघेने सुरू होतो, आणि मध्ये ‘ती म्हणाली’ आलं की पुन्हा रेघ. काकांना बाईचं बोलणं कुठे संपलं आणि लेखकाचं कुठे सुरू झालं हे कळेना. पाठ्यपुस्तकं हे सांगत बसत नाहीत. समासात पहिल्याच पानावर याची टीप हवी. उलट प्रश्नचिन्हाने मोठी मदत केली. स्पॅनिश अकादमीने १७५४ पासून आधी लांब प्रश्नांच्या आणि पुढे सगळ्याच प्रश्नांच्या सुरुवातीलाही उलटं चिन्ह लावायला सांगितलं, त्यामुळे मोठ्याने वाचणाऱ्याला वाक्याच्या तोंडाशीच समजतं की सूर प्रश्नाचा लावायचा आहे.

२९ जून

ए-टू. इथे दोन भूतकाळ येतात, आणि शिकणारे इथेच सगळ्यात जास्त धास्तावतात. इंग्रजीतून शिकवलं की नियमांची लांबलचक यादी द्यावी लागते. मराठी वाचकाला त्या यादीची गरज नाही हे मी गेली काही वर्षं सांगते आहे, आज ते गोष्टीतूनच दाखवता आलं.

बाई बाजाराला जात होती, ‘इबा’. मडकं नेत होती, ‘येबाबा’. स्वप्न बघत होती, ‘सोन्याबा’. मग ती हसली, तिने कपाळावर हात मारला, मडकं पडलं, ‘काएर’ क्रियापदाचं ‘कायो’. फुटलं, ‘से रोम्पिओ’. जिथे मराठीत ‘जात होती’ किंवा ‘जायची’ म्हणतो तिथे स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ, आणि जिथे ‘पडलं, फुटलं’ म्हणतो तिथे दुसरा. सगळ्याच वाक्यांत इतकं सरळ जुळत नाही, पण गोष्ट वाचण्यापुरतं दहातल्या आठ-नऊ वेळा जुळतं. भाचीने सगळ्या ‘जात होती’ निळ्या पेन्सिलीने आणि सगळ्या ‘पडलं’ लाल पेन्सिलीने रंगवल्या. पानाचा वरचा भाग पूर्ण निळा झाला आणि शेवटच्या चार ओळी लाल. गोष्टीची रचनाच समोर उभी राहिली : निळ्यात स्वप्न, लालमध्ये घटना.

ग्वातेमालाचे लेखक आउगुस्तो मोंतेर्रोसो यांची १९५९ साली पुस्तकात आलेली डायनोसॉरची गोष्ट सात शब्दांची आहे : जाग आली तेव्हा डायनोसॉर अजून तिथेच होता. तिच्यात एक लाल क्रियापद आणि एक निळं. जाग येणं घडून गेलं आहे, डायनोसॉरचं तिथे असणं चालूच आहे. सगळी भीती त्या निळ्यात. आज ती फळ्यावर लिहिली आणि काही न समजावता सोडून दिली. भाची बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

५ जुलै

मराठीचा हात कुठे धरता येतो आणि कुठे सुटतो, याची टिपणं समासासाठी.

धरता येतो : ‘मे गुस्ता ला मिएल’, मला मध आवडतो, ‘मे गुस्तान लोस ऊएबोस’, मला अंडी आवडतात. आवडणारी वस्तू कर्ता, आपण ‘मला’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी यावर आठवडे घालवतो, मराठी विद्यार्थ्याला एका ओळीत कळतं. तसाच माणसाआधी लागणारा ‘आ’. आपण पुस्तक बघतो पण बहिणीला बघतो. स्पॅनिशमध्येही पुस्तकाला काही लागत नाही आणि बहिणीआधी ‘आ’ येतो. चिऊताईच्या ‘आ मि बेबे’मध्ये ‘बाळाला’चा ‘ला’ तसाच्या तसा बसला आहे.

सुटतो : ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ची दोन क्रियापदं. आपल्याकडे ‘आहे’ आणि ‘असतो’ आहेत म्हणून जोडायला जावं तर जुळत नाही. इथे भरपूर वाचणं हाच उपाय. बाई आनंदात आहे, ‘एस्ता कोन्तेन्ता’, हे चार गोष्टींत चार माणसांबद्दल वाचलं की दुसरं क्रियापद कानालाच खटकतं.

१३ जुलै

बी-वनची पायरी मी सगळ्यात जास्त वेळा लिहून खोडली, आणि अडचण व्याकरणाच्या गाभ्यातली आहे. इथे बाईचे विचार निवेदकाच्या तोंडून सांगायचे : तिला वाटत होतं की ती मध विकेल, अंडी घेईल. अशा वेळी मराठीत आपण विचार जसाच्या तसा ठेवतो, ‘मध विकीन, अंडी घेईन, असं ती मनाशी म्हणत होती.’ ते ‘असं’ सगळं पेलतं, आतल्या क्रियापदाला हात लावावा लागत नाही. स्पॅनिशला तो लावावाच लागतो. भूतकाळातून पुढे बघायचं म्हणून ‘बेन्देरिआ’, ‘कोम्प्रारिआ’, ‘तेन्द्रिआ’. मराठी वाचकाला हा बदल नियम म्हणून सांगितला तर समजतो, पण वाचताना जाणवत नाही.

मग एक युक्ती केली. बी-वनच्या पानासमोर डाव्या पानावर ए-वनचाच मजकूर छापायचा. डावीकडे ‘बोय आ कोम्प्रार’, उजवीकडे ‘कोम्प्रारिआ’, ओळीला ओळ. वाचणाऱ्याला डावं पान पाठच आहे. त्याचा डोळा उजवीकडे गेला की एकच बदल दिसतो आणि तोच नेमका शिकायचा असतो. आज दोघांवर करून पाहिलं. समजावून सांगायला तोंड उघडावं लागलं नाही.

सामानिएगोची दूधवालीही आणली होती. टोपलीभर अंडी, शंभर पिल्लं, डुक्कर, गाय, वासरू. आणि आनंदाने मारलेली उडी. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, लहान, गोड. पण पद्यात यमकासाठी शब्दांची जागा बदलते, कर्ता ओळीच्या शेवटी जातो, आणि बी-वनच्या वाचकाला वाक्यच सापडत नाही. छोटं म्हणजे सोपं नव्हे. हुआन रामोन हिमेनेथ यांच्या ‘प्लातेरो’ या पुस्तकाचंही तेच. गाढवाबद्दलची पान-दीड पानाची प्रकरणं बघून शिक्षक पहिल्याच वर्षी हातात देतात. भाषा मात्र कवीची आहे, फुलांच्या, रंगांच्या, पाखरांच्या नावांनी गच्च भरलेली. दूधवाली शिडीवर घेणार नाही. मोठ्याने वाचून दाखवेन, ऐकायला ती सुंदरच आहे.

२० जुलै

आज वाद झाला आणि चांगला झाला. भाची म्हणाली, “मावशी, सोपं करून लिहिलेलं वाचणं म्हणजे पाणी घातलेलं दूध. मी थेट मूळच का वाचू नये?”

तिचा प्रश्न जुना आहे आणि त्याला एक उत्तर आपल्याच उपखंडातून मिळालं आहे. मायकेल वेस्ट नावाचा शिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी त्यांना एक पुस्तक धड वाचता येत नाही, हे त्याने पाहिलं. धड्यांत दुर्मीळ शब्दांची खैरात असे, आणि एक शब्द पचायच्या आत दुसरा येई. त्याने नेहमीचे शब्द निवडून, नवे शब्द अंतराअंतराने पेरून वाचनमाला लिहिल्या. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्याचं पुस्तक आलं. आज स्पॅनिशच्या पातळीवार पुस्तकांमागे जी रीत आहे तिची एक मोठी मुळी ढाक्यातल्या वर्गांत आहे. मुलांची शाळा लवकर सुटते, म्हणून त्यांच्या हाती निदान वाचता येण्याची ताकद तरी पडावी, अशी त्याची धडपड होती.

दुसरं उत्तर मी घरातलं दिलं. ज्ञानेश्वरी आपली, मराठी आपली, तरी आपण सार्थ ज्ञानेश्वरी घेऊनच बसतो. खाली अर्थ वाचतो, वर ओवी वाचतो, आणि काही वर्षांनी खालचा भाग न बघता ओवी कळू लागते. त्याने ज्ञानेश्वरी पातळ होत नाही. स्पेनमध्येही २०१५ साली लेखक आंद्रेस त्रापिएयो यांनी अख्खा ‘दोन किखोते’, म्हणजे डॉन क्विक्झोट, आजच्या स्पॅनिशमध्ये आणला. चौदा वर्षं त्या कामात गेली, आणि वाचक होते स्पॅनिशच बोलणारे लोक.

तरी तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य केलं. सोप्या रूपात काहीतरी गळतंच. प्रश्न काय गळतं याचा आहे. १५५४ च्या ‘लाथारियो’ या कादंबरीत आंधळा आणि त्याचा हरकाम्या पोरगा द्राक्षांचा घड वाटून खातात, एकेक खायचं ठरलेलं. आंधळा दोन-दोन खाऊ लागतो, पोरगा तीन-तीन. शेवटी आंधळा म्हणतो, तू तीन-तीन खाल्लीस, कारण मी दोन-दोन खात होतो तेव्हा तू गप्प राहिलास. हा प्रसंग ए-टूमध्ये पूर्ण उतरतो; दोन, तीन, खाणं आणि गप्प बसणं, एवढेच शब्द लागतात. उतरत नाही तो निवेदनाचा स्वर. तोच पोरगा, मोठा झालेला लाथारो, कुणा बड्या असामीला ‘आपण’ म्हणत, अदबीने आपली कर्मकहाणी सांगतो आहे, आणि त्या अदबीच्या आत खूप काही दडलेलं आहे. तो स्वर मूळ वाचल्याशिवाय ऐकू येणार नाही. म्हणून शिडीची शेवटची पायरी मूळ मजकूरच असली पाहिजे, ही अट प्रकल्पात आता पक्की. मुळापर्यंत नेत नसेल तर सोपं पुस्तक अर्धवट राहिलं असं मी धरते.

३ ऑगस्ट

१३३५ चा मजकूर. मोठ्या अक्षरात छापला, समास रुंद ठेवला.

आधी फक्त दोन किल्ल्या दिल्या. एक, ‘आणि’साठी आज ‘इ’ आहे, इथे ‘एत’ दिसेल. दोन, आज ज्या अनेक शब्दांच्या तोंडाशी न उच्चारला जाणारा ‘आचे’ (एच) लिहितात तिथे जुन्या लेखनात ‘एफे’ (एफ) दिसेल : ‘आब्लार’चा ‘फाब्लार’, ‘आथेर’चा ‘फाथेर’. एवढ्यावर सोडून दिलं.

काकांनी बोट ठेवत, सावकाश वाचलं. मध, अंडी, कोंबड्या, मेंढ्या, सगळी ओळखीची मंडळी क्रमाने भेटत गेली. बी-वनला भेटलेली ‘रिआ’ची रूपं इथे जुन्या वेषात होती, तरी त्यांनी ओळखली. मग बाई जावई आणि सुना बरोबर घेऊन रस्त्याने मिरवत चालली आहे आणि लोक म्हणताहेत, काय हिचं नशीब, केवढी गरीब होती ही, अशी जागा येते. ए-वनला मी ही मिरवणूक गाळली होती. काका तिथे थांबले आणि परत वाचलं. मेंढ्या-कोंबड्यांपेक्षा बाईला खरं तर हेच हवं होतं, चारचौघांनी बघावं. सोप्या रूपात हे नव्हतं आणि मुळात होतं. भाचीने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

ए-वन आणि ए-टूमध्ये जावई-सुना घालायचे. ‘येर्नो’ आणि ‘नुएरा’ हे शब्द त्या पातळीच्या यादीत नसतील, तरी गोष्टीला ते हवे आहेत, आणि मराठी घरात या दोन शब्दांची गरज पहिल्याच दिवशी पडते. यादी गोष्टीच्या पुढे जाता कामा नये.

दोन हुआन मानुएलने आपल्या पुस्तकांच्या प्रती पेन्याफिएलच्या मठात ठेवल्या होत्या. पेन्याफिएल बायादोलिद प्रांतातच आहे. काकांनी मुलीकडे गेल्यावर तिथला जहाजासारखा लांबट किल्ला पाहिला आहे. पण ज्याचं पान आज वाचलं त्याचंच ते गाव, हे आजच कळलं.

१७ ऑगस्ट

आता उलट तपासणी. गोष्ट माहीत नसताना काय होतं?

ओरासिओ किरोगा. जन्म उरुग्वेतला, आयुष्याचा मोठा काळ अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतातल्या जंगलात. त्याने मुलांसाठी लिहिलेल्या जंगलकथा १९१८ साली पुस्तकात आल्या. त्यांतली अजस्र कासवाची गोष्ट घेतली. वाक्यं सरळ, मूळ मजकूर, पातळीचा शिक्का नाही. दोघांनी पहिलं पान तपासलं, आणि अनोळखी शब्द बोटांबाहेर गेले. १३३५ चा मजकूर ज्यांनी पार केला, ते दोघंही १९१८ च्या मुलांच्या गोष्टीत दमले.

मला वाटतं या प्रकल्पातून मिळालेली सगळ्यात कामाची नोंद हीच. पातळी एकट्या पानावर छापता येत नाही. वाचणारा काय घेऊन आला आहे, यावर तिचा अर्धा भाग ठरतो. दोन्या त्रुआनाला आपण पंचतंत्र घेऊन गेलो होतो. मिसिओनेसच्या जंगलात जाताना हातात काहीच नव्हतं. तिथे ‘तिग्रे’ म्हणजे जग्वार, हेही आधी कुणी सांगायला हवं. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या गोष्टींत ‘याकारे’ आणि ‘कोआती’ भेटतात. ग्वारानीसारख्या तिथल्या मूळच्या भाषांतून आलेले हे शब्द कुठल्याच नेहमीच्या यादीत सापडणार नाहीत.

तेव्हा अनोळखी गोष्टीसाठी एक पायरी खाली उतरायचं, किंवा वाचण्याआधी गोष्ट मराठीत सांगून टाकायची. भाचीला दुसरा उपाय आवडला नाही, उत्सुकता जाते म्हणाली. काका म्हणाले, “रामायणाचा शेवट माहीत नसलेला एक तरी माणूस कीर्तनाला येतो का?” दोन्ही उपाय ठेवले आहेत, ज्याला जो मानवेल तो.

७ सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा बैठक. पुढची शिडी कासवाचीच, तीन पायऱ्यांची, ए-टूपासून.

ए-वन मुद्दाम गाळली. आजारी माणूस जंगलात राहायला जातो, जग्वारच्या तावडीतून कासवाला सोडवतो, भूक लागलेली असूनही त्याला मारत नाही, जखम बांधतो. पुढे तापात एकटा पडून, आता मी इथेच मरणार, असं तो मोठ्याने बोलतो, आणि कासव ते ऐकतं. त्याला पाठीवर बांधून ब्वेनोस आइरेसपर्यंत नेतं. ‘ऐकत होतं’ आणि ‘ठरवलं’ यांतला फरक दाखवल्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही, आणि तो वर्तमानकाळात दाखवता येत नाही. चिऊ-काऊ मात्र ए-वनला स्वतंत्र होईल, तिचं काम भाचीने मागून घेतलं आहे.

ठरलेल्या गोष्टी : ‘तिग्रे’ तसंच ठेवायचं, समासात जग्वारचं चित्र. झाडांची नावं ए-टूमधून काढायची, मूळ मजकुरात ठेवायची. शहराच्या वेशीवर थकून पडलेल्या कासवाला उंदीर सांगतो की तू ब्वेनोस आइरेसला पोचलं आहेस, तो प्रसंग कुठल्याही पायरीवर कापायचा नाही. उच्चार स्पेनचे द्यायचे, कारण काकांचा नातू ‘काबेसा’ ऐकलं की आजोबांना लगेच ‘काबेथा’ म्हणून दुरुस्त करतो. किरोगाच्या गावाकडे ‘काबेसा’च म्हणतात, ही टीप शेवटी.

कासव मनाशी विचार करतं, भूक असूनही याने मला खाल्लं नाही, आता मी याला बरं करीन. ‘असूनही’साठी स्पॅनिशमध्ये ‘आउन्के’ आहे. हे वाक्य तिन्ही पायऱ्यांवर किरोगाचंच राहील, एक अक्षर न बदलता, आणि ए-टूचं बाकीचं पान त्याच्यापर्यंत नेऊन पोचवेल असं लिहायचं. खर्डा नवरात्राच्या आधी हवा. काकांचं बायादोलिदचं तिकीट ऑक्टोबरचं आहे.